मायनं आणलेल्या गाठी

लातूर जिल्हा नवानवा झाला होता आणि पावसानं दडी मारली होती. त्या वर्षी मी लातूरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते. सरांनी प्रात्यक्षिकाला भुईमुगाची मुळं आणायला सांगितली. मुळांवरच्या बारीक गाठींत जिवाणू राहतात, हवेतला नत्र झाडाला देतात, हे आम्ही फक्त वाचलेलं. आम्ही मैत्रिणी जवळपासची रानं हिंडलो, पण कोरड्या मातीत गाठी पार सुकून गेलेल्या. शेवटी देवणीला जाणाऱ्या एका बाईजवळ मी मायला निरोप धाडला.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी माय स्वतःच कॉलेजच्या फाटकात उभी! काखेत ओल्या पोत्यात गुंडाळलेले भुईमुगाचे वेल. ती खुरपायला जायची त्या रानातल्या विहिरीला अजून पाणी होतं. मालकिणीला मागून तिनं ते मातीसकट उपटून आणले होते.

"कुणाजवळ तरी द्यायचे ना माय, तू कशाला आलीस?"

"लोकांनी शेंगा खाऊन मुळं फेकली असती. म्या यष्टीत शेंगा वाटल्या आन् मुळं राखली. चिखल सांडला म्हणून कंडक्टर वरडाय लागला, त्याला पैल्या मूठभर दिल्या. एक म्हातारा म्हणला, 'मुळीला रोग पडलाय, फेक.' म्या म्हणलं, रोग न्हाई बाबा, माझ्या लेकीचा अभ्यास हाय."

प्रयोगशाळेत तिनं दाराशी चपला काढल्या, सरांना जयभीम केला. सरांनी पात्यानं एक गाठ कापली. आत गुलाबी, ताज्या मांसासारखी. "जिवंत आहे!" सर ओरडलेच. त्यांनी काचपट्टीवर लेप घेऊन रंग दिला आणि सूक्ष्मदर्शक मायपुढं सरकवला. "मावशी, आधी तुम्ही."

मायनं पदर सावरला, वाकली आणि दोन्ही डोळे मिटून घेतले.

"कायबी दिसंना."

"अगं, एक तरी उघड!"

सगळा वर्ग हसला, तीही हसली. मग मात्र तिनं बराच वेळ मान वर केली नाही.

"लई हाईत गं," ती हळूच म्हणाली. "पर हालत का न्हाईत?"

"रंग देताना मरतात ते," सर म्हणाले.

"आगं बया! यष्टीत मांडीवर घेऊन बसले, ते हितं मारायला?"

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "नाही मावशी, बाकीचे वाढवायचेत." आणि तिच्यासमोरच त्यांनी दुसऱ्या गाठीचा रस काचेच्या बशीत पसरवला.

काही दिवसांनी बशीत दुधाच्या थेंबांसारखे पांढरे ठिपके उमटले. सुट्टीला गेले तेव्हा मायला सांगायला थेट रानातच गेले. तिनं खुरपं टाकलं आणि बांधावरच्या मालकिणीला हाक मारली, "वैनी, आपल्या रानातले जीव लातुरात वाढाय लागलेत बघा!" खुरपणाऱ्या बायांनी मला मधोमध बसवलं, आणि दिवस कलेपर्यंत माझं तेच चाललं: वेल उपटायचा, गाठ नखानं फोडायची, आतला गुलाबी रंग एकेकीला दाखवायचा.