फेट्यापुरती जागा

आमच्या घरात माझ्या उंचीचा कुणालाच उपयोग नव्हता. फडताळावरचं काढून द्यायला मला हाक मारावी, तर फडताळावर ठेवण्याजोगं काही नव्हतं. लातूर जिल्हा नवा झाला, नव्या कचेरीत मी कारकून म्हणून चिकटलो आणि त्याच वर्षीच्या दुष्काळात माझं लग्न ठरलं.

नवरी निलंग्याकडच्या गावची. आमच्या लोकांची वस्ती तिथं वेशीबाहेर. आमच्यातल्या नवरदेवानं वेशीपाशी उतरायचं आणि चावडीवरून पायी, मान खाली घालून जायचं, अशी तिथली रीत. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गॅरेजात मिस्त्री होते. रीत ऐकून ते एवढंच म्हणाले, "आमचा गाडीत बसून जाईल."

गाडी म्हणजे निजामाच्या काळातल्या कुण्या जागीरदाराची. लांबलचक, काळी, बरीच वर्षं गॅरेजच्या मागं पडून असलेली. आबांनी ती चालू केली आणि मला फेटा बांधून मागं बसवलं. छत मागं उतरत गेलेलं. फेटा छताला आणि माझी मान थेट छातीला.

माय म्हणाली, "फेटा जरा लहान बांधा की."

"फेटा बोटभर कमी होणार न्हाई," आबा म्हणाले. "वाकून बसायचं तर पायी गेलेलं काय वाईट?"

पत्रेवाल्यानं छत कापून वर उचलायची तयारी दाखवली. आबांना ते पाप वाटलं. "त्या उतारातच तिची शान हाय. वर उचलली की दुधाचा टेम्पो व्हायला किती वेळ?" मग त्यांनी सीटच खाली घेतली. गादीतल्या स्प्रिंगा काढल्या, पातळ काथ्या घातला. माझे गुडघे कानाला लागले, पण मान सरळ झाली.

रस्त्यावर काढली तर पहिल्याच खड्ड्यात मी उडालो आणि टाळू छतावर आपटली. चाकांवरचे जुने कमानपाटे मऊ, गाडी होडीसारखी डुलायची. आबांनी मागं जादा पाटा चढवला. आता ती कडक झाली, आणखीच उडवायला लागली. शेवटी डिकीत पाण्याचे दोन मोठे कॅन भरून ठेवले, तेव्हा गाडी खाली बसली आणि शहाण्यासारखी चालली. पाणी तसंही न्यायचंच होतं; तिकडच्या विहिरी आटलेल्या.

लग्न लागलं, पंगती उठल्या. वरातीसाठी गाडीत बसलो आणि आबांचा चेहरा पडला. गाडीचा मागचा भाग वर आलेला. डिकीतलं सगळं पाणी वऱ्हाडानं पिऊन टाकलं होतं.

"आता वेशीच्या उंबऱ्यावर हा उडणार," आबा पुटपुटले.

माझ्या मनात आलं, उतरून चालत गेलो तर काय बिघडतं? सरकारी नोकरीनं मला एवढंच शिकवलं होतं. तोंड उघडणार तेवढ्यात शेजारी बसलेली नवरी बोलली. त्या खोल सीटवर बिचारीचं नाकच काय ते खिडकीच्या काचेपर्यंत पोचत होतं. पण आवाज खणखणीत.

"मामंजी, वजनच पायजे ना? आत्या! दोघी बसा डिकीत!"

हिच्या दोन्ही आत्या अंगानं भरलेल्या. उघड्या डिकीत पाय बाहेर सोडून बसल्या. गाडी हूं करून खाली टेकली. आबा हसले.

वेशीच्या दगडी उंबऱ्यावर चाकं चढली. फेटा छताच्या कापडाला घासला, मान मात्र सरळ राहिली.

चावडीवर चार माणसं बसलेली. त्यातला म्हातारा उठून आडवा आला. "नवरदेव, उतरा की. रीत हाय इथली."

मागून मोठी आत्या ओरडली, "त्याला उतरवलं तर गाडी उडंल, मालक! लई नाजूक काम हाय!"

वरातीतल्या बाया खदखदून हसल्या. आबांनी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. म्हातारा बाजूला झाला.

पुढं चावडीपासून मारुतीच्या पारापर्यंत आबांनी गाडी पहिल्या गिअरवरच ठेवली. माणूस चालत पुढं गेला असता. का, म्हणून विचारलं की जन्मभर एकच उत्तर द्यायचे: "पाट्यांना जपत होतो."

तो रस्ता त्याच उन्हाळ्यात दुष्काळी कामावर झालेला. हिच्या आत्यांनीच त्याची खडी फोडली होती. त्यावर एक खड्डा नव्हता.