चालीबाहेर

गोकुळदास सरकारी बसवर कंडक्टर होता आणि लग्नांत ट्रम्पेट वाजवायचा. एकदा ऐकलेली चाल तो जशीच्या तशी काढी, एक सूर इकडचा तिकडे होत नसे. पेडण्याहून निघालेली त्याची गाडी दुपारी वास्कोला दोन तास थांबे. तिथे स्टँडामागे इनास राहायचा, जन्मभर बोटींवर वाजवून परतलेला म्हातारा. त्याने गोकुळदासचं वाजवणं ऐकलं आणि म्हणाला, "हें दुसऱ्याचें उलवप. तुजें खंय?" हे दुसऱ्याचं बोलणं झालं, तुझं स्वतःचं कुठे आहे?

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. इनास व्हायोलिनवर चाल धरून ठेवी. गोकुळदासने श्वासभर तिच्याबाहेर जायचं, मनाला येईल ते वाजवायचं आणि परत यायचं. पण चाल सुटली की त्याचे ओठच आखडत. तीन वर्षं गेली.

कोरगावच्या घरी चाल धरायला आठ वर्षांची सुमंगला होती. सोप्यावर पाय हलवत ती गुणगुणायची. बाप भरकटला की हसायची, पण गुणगुणणं सोडायची नाही. एका संध्याकाळी गोकुळदास चालीबाहेर पडला तो पडलाच. कुठे चाललोय हे त्याला कळत नव्हतं, भीतीही वाटत नव्हती. फिरून आला तो नेमका पोरीच्या सुरावर. सुमंगलाने धावत जाऊन आईला ओढून आणलं. कमल ओल्या हातांनी दारात उभी राहिली आणि पुन्हा वाजवा म्हणाली. त्याने दोनदा प्रयत्न केला, जमलं नाही. उद्या वाजवतो, म्हणाला.

पहाटे पोरगी तापाने फणफणली. ताप डोक्यात गेला. इस्पितळात तिसऱ्या दिवशी ती गेली.

पाच महिने ट्रम्पेट पेटीतच होतं. मग इनासनेच त्याला बोलावून घेतलं, काही न विचारता व्हायोलिन उचललं. गोकुळदास वाजवू लागला आणि आता ओठ कुठेच अडले नाहीत. तो इतका लांब गेला, की इनासला तीच ओळ कितीतरी वेळ धरून ठेवावी लागली. संपलं तेव्हा म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शाबास म्हणायचं त्याच्या तोंडी आलं नाही.

पुढे गोकुळदासचं नाव झालं. म्हापशापर्यंतचे लोक खास त्याला ऐकायला लग्नाला येत. घरी मात्र तो वाजवायला बसला की कमल कळशी घेऊन बाहेर पडे. असं कितीतरी वर्षं चाललं. शेवटी एकदा त्याने विचारलंच, माझं वाजवणं तुला इतकं नकोसं का झालं?

कमल तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही वाजवता वाजवता खंय तरी जाता. थोडा वेळ तरी सुटता. मी हंयच आसतंय, ह्याच घरात."

तो तिच्याजवळ बसला. सुपातले खडे वेचू लागला. दुसऱ्या दिवशी ट्रम्पेटची पेटी त्याने बसमधून नेऊन इनासच्या खोलीवर ठेवली. त्यानंतर कोरगावच्या घरात त्याने कधी वाजवलं नाही.