तीन कोऱ्या ओळी

कोरी ओळ दिसली की अभिरामचे हात शिवशिवतात. नेपियर टाउनातल्या एका कोचिंग क्लासमध्ये तो दिवसभर पोरांची हजेरी आणि मार्क कॉम्प्युटरवर चढवतो. मधे एखादी ओळ रिकामी राहिली की सगळा तक्ता बोंबलतो, हे त्याला नोकरीने शिकवलेलं एकमेव शहाणपण. म्हणूनच विनताआत्याने हिमालयातल्या चढाईचा हाताने लिहिलेला बेत त्याच्या पुढ्यात टाकला आणि "नीट टाइप करून मनालीच्या गाइडला धाड" असं सांगितलं, तेव्हा त्याने ते नीटच केलं. तेरा दिवसांपैकी तिनांसमोर नुसती तारीख होती, पुढे अक्षरही नाही. म्हातारी माणसं, विसरली असतील! त्याने तिन्ही ओळी उडवल्या, तारखा वर सरकवल्या, दहा दिवसांचा देखणा तक्ता रवाना केला आणि त्याच हिशेबाने परतीची तिकिटंही काढून टाकली.

म्हातारी माणसं एकूण तीन. आत्या त्रेसष्ट वर्षांची. श्यामसुंदरजी सदुसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त. जन्मभर खांबावर चढले, त्यामुळे जमिनीवर त्यांना करमत नाही. आणि हेमचंद्रकाका पासष्ट, बँकेतून सुटलेले. तिघांनी तरुणपणी बर्फावर चढायचं शिक्षण घेतलं होतं. आता पुन्हा एकदा, जमेल असं, फार उभं नसलेलं एक बर्फाचं शिखर गाठायचं होतं. राइट टाउनातले शेजारी म्हणत, या वयात माणसं बसने चारधामला जातात. आत्या म्हणे, "बसमध्ये मला उलटी होते."

आत्या कशालाच भीत नाही, हे घरात गृहीतच होतं. पहिली नोकरी कुंडमच्या शाळेत, भूगोल शिकवायची. वर्गात साप निघाला तर मुलींना बाकांवर उभं करून, फळ्याच्या लाकडी पट्टीने त्याला दाराबाहेर काढून, तिथूनच धडा पुढे सुरू. नकाशातल्या उंचीच्या रेषा मुलींना कळेनात, तर सगळा वर्ग घेऊन टेकडी चढली आणि चुन्याने त्या रेषा टेकडीवरच काढल्या. लग्न काहून नाही केलं, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "सुटीच्या दिवशी मुलाकडचे पाहायला यायचे. सुटीच्या दिवशी मी घरी कुठे असायची?"

रविवारी तिघं मदनमहालच्या खडकांवर दोर लावून सराव करत. अभिराम पाण्याच्या बाटल्या सांभाळायला. श्यामसुंदरजींनी गाठ आवळता आवळता सहज विचारलं, "भैया, ते आरामाचे तीन दिवस ठेवले ना नीट?"

"कोणते?"

"अरे, कोरे! वर हवा पातळ असते. मधे मधे थांबून शरीराला सवय करून द्यावी लागते. नाही थांबलं तर फुप्फुसात पाणी भरतं, डोक्यात सूज येते. आमच्या वयात तर पूछो मत."

अभिराम "हो हो" म्हणाला. त्याच्या हातातली बाटली खडकावरून ठणठणत खाली गेली.

घरी येऊन त्याने मोबाइलवर सगळं वाचलं. वाचायला नको होतं. मग गाइडला फोन लावला. गाइड फार गोड माणूस होता. "भैयाजी, आपके पीछे दूसरी पार्टी है. टेंट उन्हीं को देने हैं. एक दिन भी नहीं बढ़ेगा."

चार दिवस त्याने तोंड उघडलं नाही. सांगितलं तर बेत मोडणार. न सांगितलं तर आत्या तशीच वर जाणार, आणि वर काय होतं ते आता त्याला पाठ होतं. आत्या जिना चढून आली की तो तिचे श्वास मोजी. ती खोकली की तो हातातलं काम टाकून तिच्याकडे पाहत राही.

"काय पाहून राहिला रे माझ्याकडे? मी काय निवडणुकीचा निकाल आहे?"

गुरुवारी, चहाच्या वेळी, त्याने एका दमात सांगून टाकलं. ओळी, तिकिटं, टेंट, सगळं. मग शिव्यांची वाट पाहत बसला.

शिव्या आल्या नाहीत. आत्याने कप खाली ठेवला, तर तो बशीवर कटकटकट वाजला.

"नंदा म्हणून मैत्रीण होती चढाईला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "शहाऐंशी साल. हवा चांगली होती म्हणून आरामाचा दिवस गाळला. मीच म्हटलं, चला. तिचं डोकं दुखत होतं. मी म्हटलं, सगळ्यांचंच दुखतं. सकाळी ती पायात हातमोजे घालायला लागली. इतकी मन लावून घालत होती! आम्ही हसलो, अभिराम. अर्धा तास हसलो."

"मग?"

"खाली नेईस्तोवर उशीर झाला होता." तिने कप पुन्हा उचललाच नाही. "तेव्हापासून मी त्या दिवसांसमोर काही लिहीत नाही. लिहिलं की माणूस ते करायला जातो."

मग आत्याने पेन्सिल मागितली.

"दिवस दहाच ना? मग वरचे तीन काढ."

"शिखराचे?"

"मग काय कोरे काढू पुन्हा?"

"अन् शिखर, आत्या?"

"शिखर कुठे जाऊन राहिलं?" ती म्हणाली. पण रेघ मारताना पेन्सिलचं टोक मोडलं.

दोघांना तिने फोन स्पीकरवर टाकूनच सांगितलं, अभिरामला ऐकू यावं म्हणून. श्यामसुंदरजी लगेच "चलो, ठीक है" म्हणाले. हेमचंद्रकाकांनी आधी तारखा पुन्हा विचारून घेतल्या. मग म्हणाले, "विनता, माझं हे शेवटचंच होतं गं." आणि फोन ठेवता ठेवता, "राहू दे. कोरे राहू दे."

अभिरामला त्यापेक्षा चपला खाल्लेल्या चालल्या असत्या.

शिक्षा दुसऱ्या दिवशी जाहीर झाली. तीन दिवस खाल्ले, तर तीन रविवार भरायचे: पाठीवर बारा किलो विटांची सॅक, आणि भेडाघाटला चौसष्ट योगिनीच्या देवळाच्या पायऱ्या तीनदा वर, तीनदा खाली, आत्याबरोबर. पहिल्या रविवारी तो निम्म्या पायऱ्यांवर बसला आणि आत्या पुढे गेली. दुसऱ्या रविवारी आत्या बसली. छातीवर हात ठेवून, डोळे मिटून.

"आत्या! आत्या!"

"ओरडतो काहून? थांबून राहिली मी. थांबणं शिकायला तर चाललो आम्ही."

पण तिच्या ओठांचा रंग त्याला आवडला नव्हता.

बाबा फिरतीवर निघाले की आई त्यांच्या एका शर्टाचं बटण मुद्दाम लावायचं बाकी ठेवी. म्हणे, काहीतरी बाकी राहिलं की माणूस ते पुरं करायला परत येतो. अभिराम या गोष्टीची भरपूर टिंगल करत असे. तिसऱ्या रविवारी मात्र त्याचं पोट अचानक दुखायला लागलं. इतकं, की दुपारी त्याने चार पोळ्या खाल्ल्या.

बुधवारी स्टेशनवर तिघं डब्यात चढली. हेमचंद्रकाकांनी खिडकीशी बसून अभिरामचा हात नुसता दाबला. गाडी हलली तशी आत्या दारात आली.

"काय रे, पोट कसं आहे?"

"बरं आहे."

"एक रविवार बाकी आहे तुझा! विसरून नको राहू!"

"आल्यावर," तो गाडीबरोबर चालत म्हणाला. "तू आल्यावर, आत्या!"

तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि मग गाडी फलाटाबाहेर गेली.

घरी दाराशी सॅक तशीच उभी होती. आई म्हणाली, "त्या विटा काढून ठेव अंगणात, वाटेत येतात."

"राहू दे," अभिराम म्हणाला. मोबाइल काढून त्याने आत्याचा तक्ता उघडला. पहिली कोरी ओळ शनिवारी होती. तोवर तीन दिवस. तो तिथेच, सॅकच्या शेजारी पायरीवर बसून राहिला.