तात्यांच्या ओट्यावरचे अर्धे सिनेमे

"रविवारी तिला तिकडं सोडतो, मंग मी..."

एवढंच ऐकू आलं. मी गच्चीवर पापड वाळत घालत होते, खाली तात्या मोबाईलवर बोलत होते, आणि नेमका तेव्हाच पलीकडच्या बांधकामावरचा मिक्सर सुरू झाला. "मंग मी" काय, ते सिमेंटात गेलं.

किस्से असेच साठतात. मी काही कुणाच्या घरात डोकावायला जात नाही. आमची आणि तात्यांची भिंत एक आहे, त्याला मी काय करणार? संध्याकाळपर्यंत ते अर्धं वाक्य सगळ्या खोल्यांमधून फिरलं आणि पुरं होऊन माझ्याकडंच परत आलं. तात्या म्हणे हिराकाकूला आश्रमात टाकणार, खोल्या विकणार आणि मुलाकडं बंगळुरूला निघून जाणार.

ते खरं की खोटं, ते सांगते. पण आधी काकूचं सांगायला पाहिजे.

*

हिराकाकू म्हणजे तात्यांची बायको. तिचं जुनं घर पाडून त्याच जागी तात्यांनी भाड्याच्या खोल्या काढल्या. पुढं ओटा, मागं ओळीनं सहा दारं. आमच्या जांबे गावात आता सगळीकडं तेच. पुढं काकूला विसर पडायला लागला. आधी मीठ विसरली, मग माणसं, मग घर.

दिवेलागणीला ती चपला घालायची. "चला, घरी जाऊ. अंधार पडंल."

तात्या म्हणायचे, "अगं, हेच घर हाय."

काकू त्या सहा दारांकडं बघायची. "हे? आमच्या घराला येकच दार हाय. ही धरमशाळा कुनाची?"

एकदा ती तात्यांची नजर चुकवून स्टॉपवर गेली आणि उभ्या बसमध्ये चढली. कंडक्टरनं विचारलं, "आजी, कुठं जायचं?"

"जांब्याला."

"आजी, हे जांबेच आहे."

"व्हय?" काकू खाली उतरली. "लई लवकर आली की गाडी."

*

सिनेमाचं वेड लावलं निखिलनं. निखिल आणि पल्लवी तिसऱ्या खोलीतले, यवतमाळकडचे. तो हिंजवडीत कंपनीत जातो. त्यांचा टीव्ही बिघडला म्हणून एका रविवारी त्यानं तात्यांच्या ओट्यावरच्या टीव्हीला काहीतरी जोडून सिनेमा लावला. जादूच्या दुनियेचा. एक मुलगी तळ्यात पडते ती थेट पाण्याखालच्या राज्यात जाते, आणि मग डोंगर, भुतं, बोलणारी झाडं पार करत घरची वाट शोधते.

काकूला मालिका कधी चालल्या नाहीत. "घरातच बसून भांडत्यात, भाईर निघतच न्हाईत," म्हणायची. पण इथं ती मांडी घालून बसली. दिवे लागले तरी चपला आठवल्या नाहीत.

मध्येच माझा हात धरून म्हणाली, "हिचं बी घर हरवलंय का गं?"

"हो काकू."

"मंग बघू या. हिला घावलं तर इचारू."

तात्या उठून आत गेले. आत काही काम नव्हतं, मला दिसत होतं.

*

त्या दिवशी मुलगी घरी पोचली आणि काकू ताडकन उठली. "ती पोचली. आता आपुन चला." तात्यांनी हात धरला तर हमरस्त्यापर्यंत ओरडत गेली, की हा कोण म्हातारा मला धरून ठेवतोय. गाड्या थांबल्या. लोकांनी मोबाईल काढले. तात्या सगळ्यांना हात जोडून सांगत होते, "बायकू हाय माजी, बायकू हाय."

तेव्हापासून तात्यांनी नेम धरला. तसलाच एखादा सिनेमा रोज लावायचा, पण त्यातलं कुणी घराच्या वाटेला लागलं की रिमोटनं बंद.

निखिल कळवळायचा. "पाहू द्या न तात्या, दहाच मिनिटं राहिले!"

"तुज्या मोबाईलवर बघ की."

पण ओट्यावर सगळ्यांत बसून बघायची गोडी मोबाईलला कुठली. निखिलच्या ऑफिसात जेवताना पोरं शेवटावरून वाद घालायची, हा डब्यात मान घालायचा. एकानं खोदून विचारलं तर म्हणाला, "आमच्या जांब्यात हल्ली कोणीच घरी पोचत नाही."

*

एका संध्याकाळी रिमोटचे सेल संपले. तात्या बटणं दाबत राहिले आणि सिनेमा शेवटाला गेला.

त्या दिवशीच्या सिनेमात एक जनावर होतं. उंट म्हणावा तर शिंगं, रेडा म्हणावा तर अंगभर पिसं. काकूनं ते दिसताच निकाल दिला होता, "रेडाच हाय. आमच्या दावनीला व्हता." तर तो रेडा मुलीला पाठीवर घेऊन वाळवंटातून, बर्फातून नदीपर्यंत आणतो. नदीपलीकडं तिचं घर. त्याला नदी ओलांडायची मनाई. ती वळून बघते आणि जाते.

आम्ही सगळे काकूकडं बघत होतो. ती उठलीच नाही.

"रेड्याचं काय?" तिनं विचारलं. "त्याला कोन नेनार?"

तात्या म्हणाले, "त्याचं घर तिकडंच हाय, मागं."

"मंग येवडं लांब कशाला आला?"

तात्या सेल बदलत बसले.

*

दुपारी तात्यांचा डोळा लागायचा, तेवढ्यात काकू निसटायची. म्हणून ते तिच्या पदराची आपल्या सदऱ्याला गाठ मारून झोपायचे. मी खिडकीतून बघितलं.

"तात्या, परत लगीन लावलं काय?"

"काय करू? आता पळून जायचं वय झालंय तिचं."

आम्ही हसलो. तेव्हा हसता यायचं.

मग एका दुपारी ते जागे झाले तर सदऱ्याला नुसतं लुगडं. गाठ तशीच होती. काकू लुगडंच सोडून गेली होती. कंपन्यांच्या रस्त्याकडेला पाइपासाठी खणलेल्या चरात सापडली, परकर-पोलक्यावर, कपाळाला खोक पडलेली. माझं जुनं पातळ घेऊन मी धावले. वर काचेच्या इमारती लखलखत होत्या.

"ही कोनची नगरी?" तिनं विचारलं.

तात्या तिचं कपाळ पुसत म्हणाले, "आपली खाचरं हायेत ही, हिरा. हितंच लावनी करायचीस तू."

"खोटं कशाला बोलता?" काकू म्हणाली. "तुमी बी वाट चुकलाय."

फोन तिसऱ्या दिवशी झाला. तोच, मिक्सरनं खाल्लेला.

*

रविवारी निखिलनं गाडी काढली. काकूच्या शेजारी कुणीतरी बाई हवी म्हणून मी बसले. मला बोलावलं नव्हतं. पिरंगुट मागं पडेपर्यंत मी दम धरला. मग मला राहवेना.

"तात्या, त्या दिवशी फोनवर तुम्ही म्हणालात, मग मी... मग तुम्ही काय?"

"तुला ऐकू गेलं व्हय?" ते बाहेरच बघत होते. "मंग मी बी तितंच ऱ्हातो म्हनलं. त्ये आश्रमवाले म्हनले, हितं फकस्त बायकांची सोय हाय."

म्हणजे खोल्या विकायच्या नव्हत्या. बंगळुरू आमच्या गल्लीतच तयार झालं होतं. आश्रम तेवढा खरा.

तो आश्रम पौडच्या अलीकडं, शेतात. कौलारू बैठं घर, अंगणात तुळस, कडेला गाय बांधलेली. पुढं एकच दार. फाटकापाशी गाडी थांबली आणि तात्यांनी निखिलच्या खांद्यावर हात ठेवला. "वळव गाडी. माज्यानं न्हाई व्हायचं. हाय तशी राहू दे माज्याजवळ."

निखिलनं लगेच रिव्हर्स टाकला. तो तर वाटच बघत होता. पण काकूनं तिच्या बाजूचं गाडीचं दार उघडलं होतं.

अंगणातून ती सरळ चालत गेली. गाईच्या पाठीवरून हात फिरवला. पायरीपाशी चपला काढल्या, आपल्या हातानं, जोडीनं लावून ठेवल्या, आणि पायरीवर टेकली.

तात्या धापा टाकत मागं गेले. "हिरा, चल. घरी जायाचं ना?"

काकूनं त्यांच्याकडं नीट बघितलं. पदर डोक्यावर घेतला.

"लई लांबपतूर सोबत केलीत, बाबा. आता तुमी माघारी फिरा. अंधार पडंल. घरात मालकीन वाट बघत आसंल."