गदाईच्या तोंडाचा राक्षस

अनादी शिकदारने मला फेकून मारलेल्या दौतींचे डाग माझ्या दुकानाच्या भिंतीवर अजून आहेत. तो लहान मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढायचा आणि खालच्या मजल्यावर मी छपाईसाठी त्या चित्रांचे जस्ताचे ब्लॉक करायचो. तेजाबाने एखादी रेघ जरा जास्त खाल्ली की जिन्यावरून आरडाओरडा सुरू. "पोरेश, गाढवा! राक्षसाचे दात कुठे गेले? चावून खाल्लेस का?" आणि पाठोपाठ दौत. वयाने मोठा, म्हणून गल्लीत सगळे त्याला अनादीदा म्हणायचे. नाहीतर मी त्याला आणखीही बरंच काही म्हटलं असतं.

मुलांसाठी चित्रं काढणारा माणूस म्हणजे मवाळ, खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवणारा, अशी लोकांची समजूत असते. हा सकाळी मासळीबाजारात जाऊन उभा राहायचा तो मासे घ्यायला नाही. विळीवर रोहूचं डोकं तुटताना त्याचा डोळा कसा दिसतो ते बघायला. आरशासमोर स्वतःचा गळा आवळून मानेच्या शिरा कशा फुगतात ते बघायचा आणि लाल डोळ्यांनी टाकाकडे धावायचा. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक चेहरा काढत नसे. दुर्गापूजेच्या वार्षिक अंकाचा संपादक दरवर्षी गयावया करायचा, "अनादीबाबू, रक्त थोडं कमी करा हो. मुलं घाबरतील."

"घाबरू देत की! न घाबरणाऱ्या मुलाला राजपुत्र हवा कशाला?"

राक्षस मात्र दरवर्षी एकच. कोपऱ्यावरच्या कोळशाच्या वखारीचा मालक गदाई. दांडगा, काळाकुट्ट, पानाने रंगलेले दात. आपलं तोंड पुस्तकात येतं याचा त्याला कोण अभिमान! अंक निघाला की गिऱ्हाइकाला कोळसा नंतर, आधी चित्र दाखवायचा. पोरं त्याला राक्षसकाका म्हणत, तो डरकाळी फोडी, पोरं किंचाळत पळत आणि परत येत.

एका वर्षी राजपुत्र झाला शाळामास्तरांचा मुलगा लाल्टू. तेव्हा असेल सहा-सात वर्षांचा. गदाईला जमिनीवर उताणा पाडून अनादीदाने त्या पोराचा पाय त्याच्या छातीवर ठेवला होता आणि हातात लाकडी तलवार दिली होती. पोरगं हसत होतं. अनादीदाने खाडकन त्याच्या कानाखाली वाजवली. लाल्टूचे डोळे पेटले. "हां! असाच! आता मानेच्या खालच्या खळग्यात, इथे टेकव. इथे जोर लागत नाही." खालून गदाई खदखदत म्हणाला, "मार रे राजा, मार! माझी कंबर मोडायच्या आत मार!" मी दारातून बघत होतो. चित्र अप्रतिम झालं. गल्लीतल्या प्रत्येक घरात ते अंक फाटेपर्यंत पाहिलं गेलं.

पुढे लाल्टू कॉलेजात गेला आणि भिंतींवर घोषणा रंगवायला लागला. एकाहत्तर साल होतं. तेव्हा कलकत्त्यात नक्षलवादी पोरं सुरा घेऊन हिंडत आणि पोलीस बंदुका घेऊन पोरांमागे. गदाई पोलिसांना खबरा पुरवतो अशी कुजबुज उठली. खरं-खोटं मला ठाऊक नाही. त्याच्या पोटात गोष्ट राहत नसे एवढं खरं, आणि ठाण्याला कोळसाही तोच घालायचा.

पूजेच्या आधी, भरदुपारी, तो तराजूत कोळसा घालत असताना चौघांनी त्याला गाठलं. मी तेजाबाच्या परातीवर वाकलेलो. घरंगळणाऱ्या कोळशाचा आवाज आणि एक डरकाळी ऐकून बाहेर आलो तोवर मला पळणाऱ्यांच्या पाठीच दिसल्या. गदाई उताणा पडला होता. मानेखालच्या खळग्यातून रक्त उकळ्या फोडत होतं आणि खालचा कोळसा ते पीत होता. त्याची बायको शैल, आमची सगळ्यांची बउदी, म्हणजे वहिनी, मागच्या न्हाणीतून धावत आली आणि दोन्ही तळवे त्या भोकावर दाबून बसली. बोटांच्या फटींतून रक्त येतच राहिलं. मी वर पाहिलं. अनादीदा सज्जात उभा होता. पहिल्यापासून. चौघांनी तोंडाला पंचे बांधले होते, एकाचा सुटून कोळशावर पडला होता.

दारोगाने अनादीदाला ठाण्यावर नेलं. "तुम्ही चेहरे हुबेहूब काढता म्हणे. काढा."

"मी पाठ पाहिली."

त्याचा डावा पंजा टेबलावर ठेवून दारोगाने त्यावर दंडुका हाणला. बोटं मोडली तशी म्हणाला, "उजवा राहू देतो. मन बदललं तर लागेल." चेहरा मिळाला तर पोरगं कोर्टात जाणार नाही, हे गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पकडलेली पोरं 'पळताना' मरत आणि सकाळी कालव्याकाठी सापडत. अनादीदाने तोंड उघडलं नाही. त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू!

तो सुटून घरी आल्यावर बउदी वर त्याच्या खोलीत आली; मी तिथेच होतो. पांढरं लुगडं, नखांत अजून काळं. बसली नाही.

"अनादीदा, कोण होता?"

तो मोडक्या बोटांवरची पट्टी आवळत राहिला.

"तुमच्या गोष्टीत राक्षस मेला की सगळे टाळ्या वाजवतात. राक्षसाला बायको नसते का हो?"

त्याने कागद ओढला. मी त्याचं मनगट धरलं, "दादा, पोरगं मरेल!" त्याने मोडक्या हाताने मला ढकललं, वेदनेने गुरासारखा ओरडला आणि उजव्या हाताने काढत सुटला. टाक कागद फाडत होता. शाई त्याच्या सदऱ्यावर, बउदीच्या पायांवर उडत होती. मी आयुष्यभर त्याच्या रेघा तेजाबात घातल्या, पण तसल्या रेघा पाहिल्या नव्हत्या. संपल्यावर त्याने कागद तिच्या हातात दिला. "तू ठरव, बउदी. ठाण्यावर ने, नाहीतर चुलीत घाल."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर दौत फेकली. "शहाणा! चित्र तुझं आणि पाप बाईच्या पदरात?" दौत त्याच्या कपाळावर फुटली. रक्त आणि शाई एकत्र ओघळली. त्याने पुसलीही नाही.

त्याच आठवड्यात लाल्टू कालव्याकाठी सापडला. पाठीत गोळ्या. मास्तरांनी पोराचे पाय मांडीवर घेतले होते आणि चिखल खरवडून काढत होते. मला बघवेना. मी तडक वखारीत गेलो. बउदी कोळसा फोडत होती.

"फाडता आला नाही तुम्हाला तो कागद?"

तिने हातोडी खाली ठेवली नाही.

"फाडायलाच घेतला होता, पोरेश. दोन्ही हातांत धरला होता. मला वाटलेलं, पोराचं तोंड रागाने फुललेलं असेल, नाहीतर घाबरलेलं. तसं असतं तर चुलीत घातला असता, देवीशपथ. पण त्याने जीभ दातांत धरली होती. पाटीवर अक्षर गिरवताना पोरं धरतात ना, तशी. अनादीदाने तेही सोडलं नाही. किती मन लावून मारत होता रे तो!"