घरमालकीण आणि भाडेकरू

नागपूरहून एक मुलगी आली होती. वर्ध्यातल्या समलिंगी लोकांचा इतिहास गोळा करते आहे म्हणाली. फोन टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि विचारलं, "काकू, इथे ग्रुप कधी सुरू झाला?"

ग्रुप वगैरे काही नव्हतं. रविवारी दुपारी आमच्या घरी सहा-सात जण जमायचे, एवढंच. हिंगणघाटच्या दोन शिक्षिका, आर्वीला शिलाईचं दुकान चालवणारे दोघे, बँकेतला एक एकटा माणूस आणि आम्ही दोघी. शेजारी सांगितलं होतं की होमिओपॅथीचा अभ्यासवर्ग आहे. मग समोरच्या आजी गुडघ्यासाठी औषध मागायला आल्या. त्यांना नुसत्या साखरेच्या गोळ्या दिल्या. गुडघा बरा झाला, तर त्यांनी नणंदेलाही पाठवलं.

आमचा एक नियम होता. उठण्यापूर्वी प्रत्येकाने आपलं बाहेरचं नातं न अडखळता म्हणून दाखवायचं. शिलाईवाले मावसभाऊ, शिक्षिका नणंद-भावजय, मी घरमालकीण आणि ती भाडेकरू. अडखळेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची. बँकवाल्याला लपवायला कोणी नव्हतं, म्हणून प्रश्न तोच विचारायचा, अगदी ठाणेदारासारखा.

"मालकीणबाई, भाडेकरू झोपते कुठे?"

"मागच्या खोलीत."

"खाटेवर की खाली?"

"मी काय बघायला जाते?"

खूप हसायचो. एकवीस वर्षांत मी एकदाही भांडी घासली नाही.

मागच्या वर्षी तिला निमोनिया झाला. दवाखान्यात नेलं, तिला लगेच आयसीयूत घेतलं. दारात सिस्टर फॉर्म भरत होती. तिने विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"घरमालकीण," मी म्हटलं.

तोंडातून आपोआप निघालं. सिस्टरने लिहून घेतलं आणि म्हणाली, "मग नातेवाइकांना बोलवा. आत फक्त घरचेच." बहीण म्हणायला हवं होतं. बहिणीला सोडलं असतं. एवढ्या रविवारांत आम्ही शेजारी, पोलीस, गावाकडची माणसं, सगळ्यांचा विचार केला, दवाखान्याचा कोणी केला नाही. आता शब्द फिरवला तर संशय येईल असं वाटलं, म्हणून गप्प बसले. हीच माझी चूक. ती कोणा दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

रोहणा गावी तिच्या भाच्याला फोन केला. दोन तासांत आला. चांगला माणूस आहे, धावपळीत कमी पडला नाही. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मला एकदा आत जायचं होतं, पाच मिनिटं, बाकी काही नको होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्याजवळ येऊन बसला.

"काकू, तुम्ही काऊन बसून राह्यल्या? भाडेकरूसाठी एवढं कोणी करत नाई. घरी जा, आराम करा. आता आम्ही आहोत ना."

बरोबरच होतं. घरमालकीण दोन दिवस बाकावर बसत नाही. मी पिशवी उचलली आणि घरी गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, आत्या गेली, गावाला नेतो आहे. मी बरं म्हटलं.

पंधरा दिवसांनी तो खोली रिकामी करायला आला. खाट, दोन पांघरुणं, एक लोखंडी पेटी. ती त्या खोलीत कधी झोपलीच नव्हती, पण सामान पटकन निघालं. मी चहा ठेवला. त्याने कप हातात घेतला.

"काकू, एक विचारू काय? आत्या शेवटी एकच म्हणे, तिले बोलवा. आम्ही रोहण्याहून मोठ्या आत्याले आणलं गाडी करून. तिच्याकडे पाह्यलं अन् म्हणे, ही नाई, तिले. नाव विचारलं त गप राहे. तुमच्याकडे कोणी मैत्रीण-बित्रीण येत होती काय तिची?"

आता तर लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो खिशातून फोन काढून बसला होता, नंबर लिहून घ्यायला.

"नाही," मी म्हटलं. "मी तरी कोणी पाहिली नाही."

त्याने फोन खिशात ठेवला, चहा संपवला, पेटी उचलली. दारात थांबून म्हणाला, "कुठं भेटली त सांगजा तिले. आत्यानं लय वाट पाह्यली."