लालीबाईच्या नावाच्या गोळ्या

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी खेमसिंग आडे दाढी करतो. एरवी ती वाढली काय नि राहिली काय, बघायला आहे कोण? पुसदच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून दोन किलोमीटर आत असलेला हा बंजाऱ्यांचा तांडा दिवाळी झाली की रिकामा होतो. ट्रक येतात, चूल-भांडी, लेकरं, शेळ्या, कोयते सगळं भरून ऊसतोडीला निघून जातात. मागे राहतात ती दारांची कुलपं आणि ट्रकच्या फळीवर चढता येत नाही अशी तीन-चार म्हातारी माणसं. यंदा त्यांत खेमसिंगची भर पडली. त्याला फळीवर अजून चढता येतं. पण तो गेला होता आणि परत आला होता.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधून डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत नेते. खेमसिंग आणि लालीबाईंनी तीस हंगाम असे एका कोयत्यानं काढले. यंदा संक्रांतीच्या आधी सांगलीकडच्या एका फडात मोळी घेऊन चालता चालता लाली खाली बसली, तोंड वाकडं झालं, आणि तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात तिनं जीव सोडला. तिकडेच नदीकाठी तिला पोचवलं. उरला तो अर्धा कोयता. मुकादम माणूस वाईट नव्हता, त्याच्या डोळ्यांतही पाणी आलं होतं, पण अर्ध्या कोयत्याला फडात काम नसतं. मुलगा सुनील आणि सून ममता यांचा कोयता पुरा होता, ते राहिले. खेमसिंगला गाडीत बसवून दिलं. आधी लांबची एसटी, मग पुसदची, मग दोन किलोमीटर पायी, काखेत लालीचं गाठोडं.

त्या गाठोड्यात तिचं बीपीचं कार्ड होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी तो ते परत द्यायला खालच्या गावच्या उपकेंद्रात गेला. खरंच परत द्यायलाच गेला होता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. जुनी सिस्टर बदलून गेली होती आणि तिच्या जागी सुरभी नावाची नवी मॅडम आली होती, यवतमाळची, वयानं ममतापेक्षाही लहान. आशाताईंची जागा दिवाळीपासून रिकामी होती, त्यामुळे तांड्यातली खबर इथवर आणणारं कोणी नव्हतं. मॅडमनं सगळ्यांची कार्डं गोळा केली, गठ्ठा लावला, आणि एकेक नाव पुकारू लागली.

"लालीबाई खेमसिंग आडे!"

खेमसिंग उभा राहिला. महिनाभरात हे नाव त्याच्या कानावर पडलं नव्हतं. सुनीलचा रविवारी फोन येई, "जेवले का?" "जेवलो," एवढंच. आईचं नाव तो काढत नसे, हाही काढत नसे. शेजारची धनीबाई ठार बहिरी. आणि इथे भर लोकांत, चांगल्या खणखणीत आवाजात, सरकारच्या तोंडून लालीचं पुरं नाव आलं होतं, जणू ती मागच्या बाकड्यावर बसली आहे.

"आजी कुठी हायेत?" मॅडमनं विचारलं.

"गुडघे दुखते तिचे," खेमसिंग म्हणाला. "चालणं होत नाही."

कसं म्हटलं गेलं ते त्यालाच कळलं नाही. मॅडमनं कार्डावर तारीख घातली, तीस गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या आणि रोज सकाळी एक द्यायची असं बजावलं. खेमसिंगनं मान हलवली.

हे मान हलवणं ही तांड्याची जुनी खोड आहे. सरकारी टेबलासमोर आपण काही सांगायचं नाही, विचारलं तर होकाराची मान हलवायची. बाहेर चाललो म्हणून तर मुळीच सांगायचं नाही, कारण बाहेर गेलेल्याचं नाव कमी होतं; रेशनच्या यादीतून होतं, शाळेतून होतं, कुठून कुठून होतं. दिवाळीनंतर लालीला घेऊन तो इथेच आला होता. जुन्या सिस्टरनं नियमाप्रमाणे महिन्याच्या गोळ्या दिल्या आणि "पुढच्या महिन्यात या" म्हणाली. चार दिवसांनी ट्रक येणार होता, पाच महिन्यांसाठी. खेमसिंगनं मान हलवली. लालीनंही हलवली.

मग फडावरच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत बसून त्यानंच ठरवलं की गोळी एक दिवसाआड घ्यायची. तीस गोळ्या दोन महिने जातील, पुढचं पुढं पाहू. लालीला ते पटलं. घराचा सगळा हिशोब खेमसिंगच लावायचा आणि तो चुकत नसे, असा तिचा भाबडा विश्वास. रोज सकाळी तो विचारायचा, "गोळी घेतली का?" एका दिवशी ती म्हणायची, "घेतली." दुसऱ्या दिवशी हसून म्हणायची, "आज गोळीला सुट्टी." ऊसतोडीत माणसाला सुट्टी मिळत नाही, तिच्या गोळीला मिळत होती, याची तिला मोठी गंमत वाटायची. ती पडली तेव्हा पाकिटात एक गोळी शिल्लक होती. तिकडच्या डॉक्टरांनी विचारलं, "बीपीच्या गोळ्या रोज चालू होत्या ना?"

खेमसिंगनं तिथेही मान हलवली होती.

आणि आता बघा, हाच खेमसिंग एक मंगळवार चुकवत नव्हता. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून, दरवाजा उघडायच्या आधी उपकेंद्राच्या पायरीवर हजर. गोळ्या घरी आणून तो लालीच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. त्या डब्यात ती कवड्या, आरसे आणि सुईदोरा ठेवत असे. एकदा तर मॅडमनं सगळ्यांना ऐकवलं, "त्या आडे आजींकडून शिका जरा. एक तारीख चुकली नाही त्यांची!" बाकड्यावरच्या बाया वळून त्याच्याकडे बघू लागल्या, आणि खेमसिंगची छाती फुगली. घरी येताना वाटेत पळसाखाली बसून तो बराच वेळ रडला.

एप्रिलच्या मंगळवारी मॅडम म्हणाली, "बाबा, तीन महिने झाले, आजींचं बीपी मोजलंच नाही. मोजल्याशिवाय यापुढं गोळ्या देता येत नाहीत मले. त्यांना येणं होत नाही ना? मीच येतो घरी. गुरुवारी."

आता सांगायला हवं होतं. त्यानं मान हलवली.

दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. गुरुवारी सकाळीच पुसदला निघून जावं, दाराला कुलूप घालावं, असंही मनात आलं. पण एकदा परत गेली तरी मॅडम पुन्हा येणार. आणि आठ-पंधरा दिवसांत ट्रक परत येणार, मग सारा तांडाच सांगेल. सांगितलं की नाव कापलं जाणार. तिकडे नदीकाठी लालीची राखही उरलेली नव्हती. इथे एका कार्डावर तेवढी ती दर महिन्याला जिवंत होती, आणि तीही त्याच्याच खोटेपणामुळे. त्यानं अंगण झाडलं, बाज बाहेर काढली, आणि वाट बघत बसला.

स्कूटी धुरळा उडवत आली. सुरभी मॅडमनं बाजेवर बसल्या बसल्या बॅगेतून मशीन काढलं, पट्टा उलगडला. "आजींना उठवू नका, मीच जातो आत."

खेमसिंगच उठला. आत जाऊन त्यानं डबा आणला आणि तिच्यापुढे उघडला. कवड्या, आरसे, आणि दहा-दहाच्या नऊ पट्ट्या. एकही गोळी फोडलेली नव्हती.

सुरभीनं पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या आणि तिचा पाराच चढला. "बाबा! आजींनी एकही गोळी घेतली नाही? अन् मी सगळ्यांना त्यांचं उदाहरण देऊन राह्यली! अशानं अटॅक येईल त्यांना, लकवा मारेल!"

"आता नाही मारत, मॅडम," खेमसिंग म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. आधी मरण सांगितलं, ते सोपं होतं. मग खाली बघत एक दिवसाआडचं सांगितलं. हे सुनीललाही ठाऊक नव्हतं. "तिनं नाही ठरवलं, मी ठरवलं. डॉक्टरले बी खोटं बोल्लो. मॅडम, रोज घेतली असती तर वाचली असती का?"

सुरभीला हो म्हणता आलं असतं, नाहीही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर म्हातारा सुखानं झोपला असता. पण नोकरीत नवी होती, आणि खोटं बोलायची सवय अजून लागली नव्हती. "एका माणसाचं सांगता येत नाही, बाबा," ती म्हणाली. "शंभर जणींनी रोज घेतली तर त्यांतल्या बऱ्याच वाचतात. कोणती वाचली असती ते कोणीच सांगू शकत नाही."

"मले शंभर कुठी होत्या?" खेमसिंग म्हणाला. "एकच होती."

धनीबाईची कोंबडी येऊन बाजेखाली टोचू लागली. सुरभीच्या हातात पट्टा तसाच होता. मग तिनं न विचारता खेमसिंगची बाही वर सारली आणि पट्टा त्याच्या दंडाला गुंडाळला. मशीन फुगलं. त्याला अवघडल्यासारखं झालं. या मशीनचा पट्टा इतकी वर्षं त्यानं फक्त लालीच्या हाताला बघितला होता.

एकशे ब्याऐंशी आणि एकशे सहा. तिनं पुन्हा मोजलं. तेवढंच.

"तुमचं बीपी कधी मोजलं होतं?"

"बाप्या मानसाचं कायले मोजते?" तो म्हणाला. खरंच होतं, सिस्टर तांड्यात यायची तेव्हा पुरुष शेतावर असत.

तिनं मोबाइलमध्ये त्याच्या नावाचा फॉर्म उघडला. वय सहासष्ट. बिडी? दिवसाला एक बंडल, महिन्याभरात दीड झालंय. दारू? सणासुदीला. कंबरेभोवती टेप फिरवला. "घरात कोणाला हृदयाचा, बीपीचा त्रास?"

"लालीले होता."

"रक्ताच्या नात्यातलं विचारते त्यात. आई, बाप, भाऊ, बहीण. बायको नाही येत, बाबा."

"बेचाळीस वर्सं एका हंडीतलं खाल्लं," खेमसिंग म्हणाला, आणि पुढे वाद घातला नाही.

तिनं एक रंगीत तक्ता काढून त्याच्या वयावरून आणि आकड्यावरून बोट नेलं. बोट लाल चौकटीत थांबलं. तुमच्यासारखे शंभर जण असले तर दहा वर्षांत पंचवीसेक जणांना अटॅक किंवा लकवा येतो, असं तिनं समजावलं. गोळी घेतली, बिडी सोडली, मीठ कमी केलं तर त्यांतले बरेच निसटतात. मग तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, आणि त्यांच्याशी बोलून लालीच्या नऊ पट्ट्यांतली एक खेमसिंगच्या हातात दिली. "औषध तेच हाये. उद्यापासून रोज सकाळी एक. सोमवारी मोठ्या दवाखान्यात डॉक्टरला दाखवायचं."

"ह्या तिच्या हायेत."

"म्हणूनच घ्या."

उरलेल्या आठ पट्ट्या तिनं बॅगेत टाकल्या आणि कार्ड हातात घेतलं. खेमसिंगला आता पुढचं ठाऊक होतं. "नाव कापसान?"

"कापावं लागते, बाबा. कोणत्या तारखेला गेल्या?"

त्यानं तारीख सांगितली. तिनं रजिस्टरमध्ये लिहिली. ते लिहून होईपर्यंत तो तिच्या पेनकडे बघत राहिला. कार्ड मात्र तिनं नेलं नाही, डब्यात आरशांवर ठेवून दिलं.

ती स्कूटीवर बसली तेव्हा खेमसिंग मागून आला. सगळ्या जन्मात सरकारी माणसाला त्यानं आपणहून काही सांगितलं नव्हतं, म्हणून त्याला शब्द जुळवायला वेळ लागला. "मॅडम, दिवाळीनंतर तांडा पुन्हा तोडीवर जाईन. आमच्या बाया गोळ्या नेयाले येतीन तुमच्याकडं. महिन्याच्या देऊ नका. पाच महिन्याच्या द्या. त्या सांगणार नाही कुठी चालल्या ते. तुम्ही म्हनसान, पुढच्या महिन्यात या, तर त्या मान हलवतीन. त्या मानेवर इश्वास ठेवू नका."

सुरभीनं ते रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं, त्याच्यासमोर. नंतर स्कूटी डांबरी रस्त्याला लागली आणि तांड्यात पुन्हा कोंबड्यांशिवाय आवाज उरला नाही.

शुक्रवारी सकाळी त्यानं पट्टीतली पहिली गोळी फोडली आणि तांब्याभर पाण्याबरोबर गिळली. इवलीशी तर होती. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण हिशोब लावत बसलो, याची त्याला इतकी लाज वाटली की त्या दिवशी तो चूल पेटवायचं विसरला.

शनिवारी सकाळी डबा उघडला आणि हात आपोआप थांबला. फडावर दोन महिने रोज ज्या घटकेला तो लालीला विचारत होता तीच ही घटका. दार उघडं होतं, अंगणात ऊन आलं होतं, आणि उत्तर द्यायला कोणी नव्हतं. त्यानं गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायला, आणि आपल्या गोरबोलीत म्हणाला, "आज सुट्टी नाही, लाली. घेतली."

पलीकडच्या ओसरीत धनीबाई बसली होती. तिला काही ऐकू येत नाही, म्हणून त्यानं ते जरा मोठ्यानंच म्हटलं.